रेट्रो म्हणजे नक्की कोणतं साल?

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प असतो. चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ, सहा जणांचा गट, विषय खुला, खर्च आपापला. "रेट्रो करूया" यावर आमचं पाच मिनिटांत एकमत झालं. भांडणं त्यानंतर सुरू झाली.

एकीला बेलबॉटम आणि मोठे गॉगल हवे होते. एकाला काळं-पांढरं चित्र, पाऊस आणि छत्री. तिसऱ्याला कॅसेट आणि टू-इन-वन, चौथीला टीव्हीच्या पडद्यावर थरथरणाऱ्या रेषा. पाचवा म्हणाला, ट्रामही दाखवू. आता बडोद्यात ट्राम कुठून आणायची? शिवाय काळं-पांढरं चित्र आणि छत्री पन्नाशीची, बेलबॉटम सत्तरीतलं आणि व्हिडिओ कॅसेटच्या रेषा ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या. तीस वर्षं एकाच पातेल्यात घातली की जे होतं, ते हल्ली प्रत्येक दुसऱ्या कॉलेजच्या व्हिडिओत दिसतं.

म्हणून मी एवढंच म्हटलं, की आधी साल ठरवू. बाकीचं त्या सालाला विचारू.

गाणं आमच्यातल्याच एकीनं केलंय. तिच्या गाण्यातली मुलगी दांडिया बाजारात राहते. भाऊ अमेरिकेत शिकायला गेलाय, फोन परवडत नाही, म्हणून ती कोऱ्या कॅसेटवर घरातले आवाज भरून त्याला पाठवते. हे काही कल्पनेतलं नाही. माझ्या आजीनं तिच्या भावाला अशा कॅसेट पाठवल्या आहेत. देवघरातली घंटा, कुकरची शिट्टी, शेजारच्या काकूंचं हाक मारणं, मध्येच कोणाचा तरी खोकला. पत्रात जे लिहिता येत नाही ते सगळं. अशी मुलगी कोणत्या सालची? घरी टेप आहे, टीव्ही रंगीत झालाय, पण परदेशी फोन अजून चैनीचा आहे. आम्ही १९८८ ठरवलं. त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या माळ्यावर माझ्या आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती आणि आत्याचं लग्न मे १९८८ मधलं.

ती कॅसेट हाच आमचा खरा अभ्यासक्रम ठरला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, कॅसेट सापडल्या सापडल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. झाकण उघडून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का ते बघा. दिसली तर ती जाणकाराकडेच साफ करून घ्यावी लागते, नाहीतर ती यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आमची सुदैवानं स्वच्छ होती. मंडळातल्या एका काकांकडे चालू व्हीसीआर निघाला. आधी टेप एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात. मग पहिल्याच वेळी ती चालवताना संगणकावर उतरवून घेतली. तीस-पस्तीस वर्षं जुनी टेप किती वेळा नीट चालेल याचा भरवसा नसतो. पहिलं पाहणं हेच शेवटचं असू शकतं असं धरून चाललेलं बरं.

नंतर आम्ही सहाही जण ती तासाभराची फीत वही घेऊन बघत बसलो. आत्याचं लग्न आमच्या वर्गातल्या एवढ्या मुलांनी पाहिलंय हे आत्याला अजून पचलेलं नाही.

काय दिसलं? कॅमेरा खांद्यावर आहे, पण माणूस फारसा हलत नाही. तो एका जागी उभा राहून झूम करतो. मुंडावळ्यांपासून मागे येत येत अख्खा मांडव दाखवतो, मग परत पुढे जात कोणाच्या तरी नथीवर थांबतो. एकेक शॉट वीस-वीस, तीस-तीस सेकंदांचा. त्याच्या शेजारी एक मुलगा हॅलोजनचा दिवा हातात धरून लांबलचक वायरीसकट फिरतोय. त्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस डोळे बारीक करून हसतोय आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची काळीकुट्ट सावली. पांढरं धोतर म्हणजे नुसता प्रकाशाचा डाग, घडीसुद्धा दिसत नाही. आत्याचा लाल शालू मात्र काठाबाहेर सांडलाय. रंग रेषेच्या आत राहतच नाही.

याचं कारण नंतर वाचलं आणि फार मजा वाटली. व्हीएचएस टेपवर चित्राचा उजेड-काळोख साधारण २४० रेषांइतक्या बारकाईनं साठतो, पण रंग त्याच्या कितीतरी कमी बारकाईनं, जेमतेम ४० रेषांइतक्या. म्हणजे आकृती बऱ्यापैकी स्पष्ट आणि रंग तिच्यावर ओल्या ब्रशनं फासलेला. जुन्या टेपचा भास आणायचा असेल तर अख्खं चित्र धूसर करून उपयोग नाही, रंग वेगळा काढून तेवढाच धूसर करायचा. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं आणि फुकटात होतं.

आणखी एक गोष्ट वहीत लिहिली. त्या तासाभरात चित्र खरोखर फाटलंय फक्त तीन ठिकाणी. एरवी ते मऊ आहे, खालच्या कडेला एक थरथरती पट्टी आहे, बस. तयार मिळणारे रेट्रो फिल्टर मात्र दर दोन सेकंदांनी चित्र फाडतात, वर फिल्मवरचे उभे ओरखडेही टाकतात. ओरखडे आणि दाणे हा फिल्मचा आजार, रेषा आणि सांडलेला रंग हा टेपचा. एकाच रोग्याला दोन्ही कसे होतील? फिल्टर विकणाऱ्यांना बहुधा वाटतं की तेव्हा सगळं सतत बिघडलेलंच असायचं.

एक मित्र सुपर-एट फिल्मवरच शूट करूया म्हणून हट्ट धरून बसला होता. ती सुरेख दिसते हे खरं. पण ५० फुटांचं एक काडतूस सेकंदाला १८ चित्रांच्या वेगानं ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. म्हणजे चार मिनिटांचं गाणं एकदा, एकही चूक न करता चित्रित करायलासुद्धा ते पुरत नाही. धुण्याचा खर्च वेगळा. मुख्य म्हणजे १९८८ साली दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या घरात ती कोणाकडे होती? लग्नात व्हिडिओवाला यायचा. विषय मिटला.

शूटिंग आम्ही फोनवरच करणार आहोत. फक्त तीन गोष्टी पक्क्या केल्या. चित्राचं माप चारास तीन, टीव्हीसारखं. फोनच्या आडव्या चित्रातली पाव रुंदी यात जाते, म्हणून पडद्यावर दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, नाहीतर फ्रेम जुळवणारा जुन्या सवयीनं कडेला माणसं उभी करतो. दुसरं, सेकंदाला २५ चित्रं, कारण आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत तीच होती. त्याबरोबर शटर एक पन्नासांश सेकंद. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे या जोडीत ट्यूबलाइट लुकलुकत नाही. फोन नेहमीच्या ३० चित्रांवर ठेवला तर जुन्या घरातल्या ट्यूबच्या उजेडात पट्टे सरकताना दिसू शकतात. तिसरं, ड्रोन नाही, गिंबल नाही, स्लो मोशन नाही. तिपाई, झूम आणि धीर. तिसऱ्या गोष्टीवर सर्वात जास्त रुसवेफुगवे झाले, कारण एकानं गिंबल नुकताच विकत घेतलाय.

आता घराकडे येते. खरी परीक्षा इथे होती.

कपडेपट सांभाळणारीनं नायिकेच्या आईसाठी नऊवारी, नथ आणि अंबाडा असं चित्र काढून आणलं. "मराठी दिसायला हवं ना," असं तिचं म्हणणं. मी ते चित्र आजीला दाखवलं.

"ही कोण?" आजीनं चष्मा पुसत विचारलं.

"१९८८ सालची आई आहे, आजी. मुलीचं वय वीस, म्हणजे ही तुझ्याच वयाची तेव्हाची."

"अगं, अठ्ठ्याऐंशी साली मी साडेदहाच्या शाळेला ल्यूनावरून जात होते. नऊवारी नेसून ल्यूना चालवू? माझी आई नेसायची, तीही शेवटी शेवटी पाचवारीवर आली होती." मग तिनं स्वतःच कपाट उघडलं. सिंथेटिकची फुलाफुलांची पाचवारी, खांद्याला पिन, हातात एचएमटीचं घड्याळ, पर्समध्ये डबा. "आणि शाळेत मला सगळे बेन म्हणायचे. भाजीवाली गुजरातीत भाव सांगायची, मी गुजरातीतच घासाघीस करायची. घरात शिरलं की मराठी. तुमच्या त्या बाईला हे येतं का?"

तिथे आमचा व्हिडिओ बदलला असं मला वाटतं. आम्ही रेट्रो म्हणून जे आणत होतो ते मुंबई-पुण्याच्या सिनेमातलं होतं. बडोद्याच्या मराठी घराचं १९८८ कुठल्याही सिनेमात नाही. ते असलंच तर अशा लग्नाच्या कॅसेटमध्ये आणि आज्यांच्या कपाटात. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या वाचकांचंही असंच असणार. तुमच्याकडच्या त्या सालातली आई दुकानदाराशी कोणत्या भाषेत बोलायची, हे कुठल्याच फिल्टरमध्ये मिळत नाही.

मग बाकीच्या गोष्टी भराभर सुचल्या. कलादिग्दर्शन बघणाऱ्यानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासाठी देवनागरीत पाटी रंगवली होती, ती गुजरातीत केली. गावात आई सेव-उसळ खाते, वडापाव नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्या शेजारी सयाजीरावांचा फोटो, कारण तो आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत आजही आहे. आणि घरातली प्रत्येक वस्तू १९८८ ची नको, असं आजी निक्षून म्हणाली. कपाट तिच्या सासऱ्यांचं, पितळी डबे तिच्या लग्नातले, फक्त टीव्ही आणि त्यावरचं क्रोशाचं झाकण नवं. कुठल्याही सालात घरातल्या बऱ्याचशा वस्तू त्या सालापेक्षा जुन्याच असतात. सेट खोटा दिसतो तो बहुतेक वेळा सगळं एकाच दिवशी विकत आणल्यासारखं दिसतं म्हणून.

घर मिळालं ते मैत्रिणीच्या आजोबांच्या भावांचं, दांडिया बाजारातलं. चौक, लाकडी जिना, वर नक्षीदार कठडा. घरातल्यांनी ते आता विकायचं ठरवलंय. चुलत भावंडं चार शहरांत, छप्पर गळतंय, दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपणारा नाही, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. नवरात्रानंतर किल्ल्या द्यायच्या आहेत. त्यामुळे आमची तारीख हलू शकत नाही. कॉलेजनं मुदत वाढवून दिली तरी नाही. नवरात्रात शूटिंग करणंही अशक्य, कारण रात्रभर गरब्याचे भोंगे आणि गटातले चार जण गरबा खेळून दिवसभर झोपलेले.

चौकात दोन दिवस बसून आम्ही ऊन मोजलं. साडेदहाला ते तुळशीवर येतं, बाराच्या सुमारास अख्खा चौक भरतो, दीडनंतर एकदम वर चढून जातं. म्हणून तुळशीजवळचे आणि जिन्यावरचे शॉट सकाळी, आतल्या खोलीचे दुपारी. आत पिवळा बल्ब आणि एक ट्यूब. एलईडी दिवे सगळे काढून ठेवायचे. हॅलोजनचा दिवा आम्ही मुद्दाम टाळलाय. तो भट्टीसारखा तापतो आणि ते घर लाकडाचं आहे. त्याऐवजी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी एक जोरकस एलईडी, वर पिवळा कागद. भिंतीवरची काळी सावली तशीच पडते, करून पाहिलं.

बाहेरच्या जागा निवडताना यादीतून बरंच काही खोडावं लागलं. सूरसागर तलाव सगळ्यांना हवा होता. पण तलावाच्या मधोमध उभी असलेली शंकराची भव्य मूर्ती नव्वदनंतरची आहे, १९८८ च्या चित्रात ती येऊन चालणार नाही. तिच्याकडे पाठ करून पायऱ्यांवरचा एकच शॉट घेऊ. मांडवी चालेल, पण पहाटे, फ्लेक्स आणि एसीच्या खोक्यांना चुकवत. इथे चारास तीनचं माप कामी येतं, कारण अरुंद फ्रेममध्ये लपवायलाही कमी लागतं. चेतक स्कूटर मिळाली आहे, मात्र तिची आत्ताच्या पद्धतीची नंबरप्लेट नंतरच्या काळातली, म्हणून स्कूटर फक्त बाजूनं दिसेल. कलाभवनाच्या इमारतीसमोरचाही एक शॉट ठरलाय. ते १८९० साली सुरू झालं आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले. सिनेमाचं शिक्षण घेणाऱ्या बडोद्याच्या मुलांनी तिथे कॅमेरा न लावणं बरं दिसणार नाही. परवानगीचे अर्ज लेखी दिले आहेत आणि उत्तर येईपर्यंत दुसरी जागा धरून ठेवली आहे.

गाण्याबद्दल थोडं, कारण बरेच गट इथे अडकतात. "जुनं गाणंच घेऊ, कोण विचारतंय?" हे आमच्याकडेही झालं. आपल्या कायद्याप्रमाणे गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं, आणि ते चित्राला जोडायचं तर हक्कधारकांची परवानगी काढावी लागते. घरात बसून गुणगुणायला कोणी अडवत नाही, पण व्हिडिओ करून लोकांसमोर ठेवायचा म्हणजे प्रश्न येतोच. शिवाय जुनं गाणं घेतलं की बघणाऱ्याच्या मनात मूळ चित्रण आधीच असतं, आणि त्याच्याशी सहा विद्यार्थ्यांनी काय स्पर्धा करायची? आमचं गाणं आमचं आहे. पेटी, तबला, साधा कीबोर्ड.

ते जुनं वाटावं म्हणून आम्ही ते खरोखरच कॅसेटवर भरलं आणि परत उतरवलं. हवी ती खरखर आणि किंचित डुलणारा सूर आपोआप आला. इथे एक तांत्रिक खुबी आहे. कॅसेटचा वेग कधीच अगदी नेमका नसतो. त्यात एक टक्क्याचा फरक पडला तर चार मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ अडीच सेकंद इकडचे तिकडे होतात. चित्रण आधी स्वच्छ गाण्यावर केलं आणि नंतर कॅसेटचा आवाज लावला, तर शेवटच्या कडव्याला नायिकेचे ओठ वेगळंच काही म्हणत असतील. म्हणून आधी कॅसेट, मग तिच्यावरून उतरवलेलंच गाणं शूटिंगला वाजवायचं.

आता त्या लग्नाच्या कॅसेटमधली एक गोष्ट राहिली. पंगतीच्या प्रसंगात माझे आजोबा अकरा सेकंद दिसतात. ते मी जन्मायच्या आधीच गेले. हातात पाण्याचा तांब्या घेऊन ते कॅमेऱ्याकडे वळतात आणि म्हणतात, "अहो, तुम्ही जेवून घ्या बघू आधी." त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. मी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझ्या बाबांसारखाच आहे, फक्त जरा बारीक.

गटाला अर्थातच ते अकरा सेकंद हवे होते. व्हिडिओच्या शेवटी, गाणं थांबल्यावर. मलाही कळत होतं की ते किती भारी होईल. पण कॅसेट माझी एकटीची नव्हती. मी आजीला विचारायला गेले, आत्यालाही फोन लावला. आत्या म्हणाली, आई सांगेल ते.

आजीनं ते पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "नको. ते लग्नाला आले होते, तुमच्या सिनेमाला नाही." थोड्या वेळानं आतून हाक मारून तिनं सांगितलं, "त्या कॅमेरावाल्याला मात्र खरंच जेवू घातलं होतं हं."

गटात दोघं दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या फितीत आणखी दीडशे माणसं आहेत, त्यांना तर विचारणंही शक्य नाही. तेव्हा ठरलं, की आत्याच्या कॅसेटमधून आम्ही फक्त शिकणार, चित्र एकही घेणार नाही. आजोबांची ती अकरा सेकंदं मी वेगळी काढून बाबांच्या फोनवर पाठवली. त्यांनी उत्तर काही दिलं नाही, पण रात्री जेवताना फोन पालथा ठेवून बसले होते.

सध्याची स्थिती अशी: शॉट चौतीस, दिवस दोन, लागोपाठचे शनिवार-रविवार. सहा जणांत मिळून नऊ हजार रुपये, त्यातले जवळजवळ निम्मे जेवणाखाण्याचे आणि रिक्षाचे. आजी पहिल्या दिवशी सकाळी येऊन नायिकेच्या आईला पिन कुठे लावायची ते दाखवणार आहे. ल्यूना अजून मिळालेली नाही. आणि तयार व्हिडिओ खऱ्या टेपवर भरून परत उतरवायचा आमचा विचार आहे, पण काकांचा व्हीसीआर आता चित्र दाखवतो, भरत नाही. बडोद्यात किंवा जवळपास कोणाकडे रेकॉर्डिंग चालू असलेला व्हीसीआर, एखादी कोरी व्हीएचएस कॅसेट किंवा ढकलून का होईना चालणारी ल्यूना असेल, तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि रविवारी संध्याकाळी पुसून परत आणून देऊ.